डावा आठ, उजवा नऊ

१२ मार्च

भिंगरे,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. कागदावर तुला मध्येच "अगं काकू, आधी माझं ऐक" म्हणता येत नाही, ही मोठीच सोय आहे.

तुझा आराखडा पोचला. वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. तू साबण-बिस्किटांच्या बड्या कंपनीत जाहिरातीचं बघतेस हे मी सगळ्यांना कौतुकाने सांगते. पण माझ्या एवढ्याशा बुटांच्या दुकानाला "टप्पा एक", "टप्पा दोन" आणि "लक्ष्य गट"? लक्ष्य गट म्हणजे शाळेतली पोरं, हे मला तिसऱ्या वाचनात कळलं. सरळ पोरं म्हण की गं.

असो, थट्टा पुरे. मला हे करायचंय आणि मनापासून करायचंय. तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, काय बजावलंय ते तुला ठाऊक आहे. शाळा उघडेपर्यंत दुकानाने उभारी धरली तर ठीक, नाहीतर गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचा. गाळा दोघा भावांचा होता. तुझे काका गेले, आता थोरल्याचा शब्द. मी त्यांना दोष देत नाही. पण तुला म्हणून सांगते, सकाळी शटर वर करायचं नसेल तर मी उठायचं तरी कशाला? घरात यांची रिकामी खुर्ची आहे. दुकानात निदान कोणीतरी येऊन बसतं, बोलतं, भाव पाडून मागतं.

आता कामाचं. तुझा टप्पा एक म्हणतो, न खपणारा माल आधी निकालात काढा. आपल्या माळ्यावर तुझ्या काकांच्या वेंधळेपणाचे सातआठ डबे पडलेत. प्रत्येकात एक बूट लहान आणि एक मोठा. दरवर्षी असा एखादा डबा निघायचाच, जुने तर केव्हाच वाळवीने खाल्ले. मी किती बोलायचे त्यांना! तळव्यावर आकडा छापलेला असतो, तो वाचून जोडी लावायची, तेवढंही जमू नये? हा माणूस नुसता हसायचा. सांग, काय करू त्यांचं?

तुझी काकू

२० मार्च

प्रिय काकू,

पत्र ऑफिसात फोडलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारच्या टेबलावरचे साहेब काळजीने बघायला लागले. फोनबद्दल मारलेला टोमणा पोचला. ठीक आहे, लिहू या. पण मग एक कबूल कर, जे लिहीन ते करायचं. स्वतःचं डोकं मध्ये घालायचं नाही.

बाबांना मी कसं राजी केलं ते माझं मला माहीत. "एक हंगाम. पुढे विषय काढायचा नाही," एवढंच बोलले आणि पेपर उघडून बसले. काका गेल्यापासून त्यांनी दुकानाची पायरी चढलेली नाही, आणि निर्णय मात्र त्यांचा. मला राग येतो. त्यामुळे हा आराखडा आपल्याला तंतोतंत पाळायचाय, कुठे बोट ठेवायला जागा नको.

पहिलं म्हणजे मांडणी. तुझ्या दुकानात रस्त्यावरून काय दिसतं? पुठ्ठ्याचे डबे. बूट कुठेच नाहीत. डबे दिसता कामा नयेत, बूट दिसले पाहिजेत. दुसरं, पत्रकं. मी छापून पाठवतेय, दोन्ही शाळांच्या फाटकाशी वाटायची. तिसरं, शाळा उघडायच्या आठवड्यात बुटांबरोबर मोजे फुकट.

माळ्यावरचे डबे भंगारात दे. काका माझे लाडके होते, पण वेंधळेपणा जपून ठेवायला आपल्याकडे जागा नाही.

भिंगरी

८ एप्रिल

भिंगरे,

आशीर्वाद. तू सांगितलंस तसंच केलं. फक्त जरासं डोकं मध्ये घातलं.

बुटांच्या दुकानात बाहेर एकच बूट मांडतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. जोडी मांडली तर एखादा पायात चढवून चालता होतो. एकट्या बुटाला चोर विचारत नाही. तू म्हणालीस सगळेच बूट दिसले पाहिजेत. मग मी दुकानातला झाडून सगळा माल डब्यांतून काढला, सगळे डावे बूट समोरच्या भिंतीवर रंगवार लावले आणि सगळे उजवे मागच्या खोलीत पोत्यांत भरले. भिंत इतकी देखणी झाली की रस्त्यावरची माणसं थबकून बघायला लागली. मी मनात म्हटलं, भिंगरीची कंपनी मला पण नोकरी देईल.

आणि शनिवारी गर्दी झाली. एका पायात बूट घालून पाच माणसं बसलेली, आणि मी मागच्या खोलीत पोत्यात डोकं घालून त्यांचे उजवे शोधतेय. नाकी नऊ आले. त्या धांदलीत शाळेतल्या ड्रिलमास्तरांना मी डावा आठ आणि उजवा नऊ नंबर बांधून दिला. कळलं संध्याकाळी, जेव्हा त्याच बुटाचा डावा नऊ आणि उजवा आठ माझ्याकडे शिल्लक राहिला.

मास्तर म्हणजे गळ्यात शिटी, आवाज असा की अख्खं मैदान सरळ रांगेत उभं राहावं. सोमवारी ते रस्ता ओलांडून दुकानाकडेच यायला लागले. मी खाली वाकून उगाच नाड्यांची जुडी शोधायला लागले. ते आत आले, स्टुलावर बसले, आणि हळू आवाजात, अगदी त्यांच्यापुरतं आणि माझ्यापुरतं म्हणाले, "बाई, असे बूट मला आयुष्यात मिळाले नाहीत. अजून आहेत?"

अगं, त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा एका नंबराने मोठा! आजवर मोठी जोडी घ्यायची आणि डाव्या बुटात कापूस कोंबायचा. कोणाला सांगायची लाज. मी माळ्यावरचे डबे खाली काढले. आणि बघ तर, प्रत्येकात डावा आठ, उजवा नऊ! मास्तरांनी तीन जोड उचलले आणि जाताना शिटी वाजवायचेच बाकी होते.

भंगारवाल्याला अजून बोलावलं नाही. मास्तरांच्या जोडीतला उरलेला डावा नऊ आणि उजवा आठ मी गल्ल्यामागे ठेवलाय.

तुझी काकू

१५ एप्रिल

काकू,

हात टेकले तुझ्यापुढे. मी "बूट दिसले पाहिजेत" एवढंच लिहिलं होतं, तू सगळ्या दुकानाची फाळणी केलीस. आजच्या आज सगळे बूट जोडीने लाव. मास्तरांचा प्रसंग गमतीचा आहे, पण एका गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही. आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी असा एक किस्सा घेऊन येतो आणि म्हणतो, आता सगळं बदलू या. आपलं गिऱ्हाईक पोरं. दोन शाळा, एक हंगाम. नजर तिथून हलवायची नाही.

आणि तुझे भाऊजी येऊन गेले. मला बढती मिळाली त्याचा इथे छोटा कार्यक्रम होता. सगळ्यांचे आईवडील नटूनथटून आलेले, आणि आमचे बाबा चांगल्या कोटाखाली झिजलेल्या चपला घालून. मी म्हटलं, बाबा, घरात बुटांचं दुकान आहे. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि विषय बदलला. इतका चिकटपणा? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुलाच सांगतेय, कोणापाशी बोलू नकोस.

भिंगरी

४ मे

भिंगरे,

वाईट बातमी आहे, ती आधी सांगते. दोन्ही शाळांनी यंदापासून बूट स्वतःच मागवायचं ठरवलंय. गणवेशाबरोबर बूटही शाळेतूनच मिळणार, बाहेरचे चालणार नाहीत. मी तुझी पत्रकं घेऊन फाटकाशी उभी होते, तेव्हा शिपायाने सांगितलं. चांगला माणूस, त्याने मला बसायला खुर्ची दिली.

म्हणजे तुझा सगळा आराखडा एका दमात गेला. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी काही चूक नाही. पत्रकांचा गठ्ठा तसाच आहे. मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला होईल.

बूट सगळे जोडीने लावलेत. मास्तर परवा त्यांच्या बहिणीला घेऊन आले. तिचंही तसंच, फक्त उलट्या पायाचं. मग पोस्टमन आला, रोज चालून चालून त्याचा एक पाय पसरलाय म्हणे. मग एक बाई आली, ती आधी शेजारच्या दुकानात उगाच रेंगाळली आणि माझं दुकान रिकामं झाल्यावर शिरली. मी यांची पाय मोजायची लाकडी फळी काढून ठेवलीय. चार माणसं खूश होऊन गेली, तेवढंच समाधान.

मोबाइलवाला काल बाहेरूनच गाळ्याची रुंदी पावलांनी मोजून गेला. मला दिसलं नाही असं त्याला वाटलं.

तुझी काकू

१० मे

काकू,

पत्र वाचून आधी मी रडले. मग रविवारी दुपारी तुझी सगळी पत्रं ओळीने मांडून वाचली आणि स्वतःच्या डोक्यात दोन टपल्या मारून घेतल्या. अगं, तू दर पत्रात मला गिऱ्हाईक दाखवत होतीस आणि मी प्रत्येक वेळी आराखड्यात त्याला जागा नाही म्हणून हाकलत होते! मास्तर, बहीण, पोस्टमन, रेंगाळणारी बाई. एकालाही आपण बोलावलं नव्हतं. ती एकमेकांच्या सांगण्यावरून आली.

मी इथे ऑफिसातल्या सगळ्यांना कागदावर उभं करून पाय आखले. लोक मला वेडी समजताहेत. पण निम्म्याअधिक जणांच्या दोन पायांत थोडाबहुत फरक निघाला, आणि दोघांचा तर चांगला एका नंबराचा. दोघांनीही मला बाजूला घेऊन सांगितलं, कोणाला बोलू नकोस.

म्हणून नवा आराखडा. एकच टप्पा, घाबरू नकोस. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत छापायचं, "इथे दोन्ही पाय मोजतात." बस्स. पायात फरक, नंबर वेगळे, यातलं एक अक्षर नको. आणि दुकानात पाऊल टाकेल त्या प्रत्येकाचे दोन्ही पाय मोजायचे, मग तो नुसता नाड्या घ्यायला का आलेला असेना. सगळ्यांचेच मोजले की कोणालाच लाजायचं कारण उरत नाही.

अडचण एकच आहे. एक वेगळी जोडी विकलीस की तिची उलटी जोडी उरते. तिला उलट्या पायांचा माणूस शोधावा लागेल. तेव्हा काकू, तुझा जुना उद्योग चालू कर. माझ्यासाठी स्थळं शोधून तू थकलीस, आता बुटांसाठी शोध. ते तरी नाही म्हणणार नाहीत.

आणि एक विचारू? माळ्यावरच्या सगळ्याच डब्यांत डावा लहान आणि उजवा मोठा. वेंधळा माणूस कधी असा चुकेल, कधी तसा. काका दरवर्षी एकसारखेच कसे चुकायचे?

भिंगरी

३१ मे

भिंगरे,

लिहायला फुरसत नाही, यावरून काय ते ओळख. पाटी लावली, पत्रकं वाटली, आणि मास्तरांनी सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना मैदानावर उभं करून सांगितलं, शिटी वाजवून. पहिल्या दिवशी लोक गंमत म्हणून आले. फळीवर उभे राहिले की हसायचे आणि मग वाकून आपलेच पाय निरखायचे. एक आजोबा म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं दोष बुटाचा होता आणि मी पायाला नावं ठेवत होतो.

ज्यांचे पाय सारखे, तेही बूट घेऊन जातात. इतकं निगुतीने कोणी मोजलं नव्हतं म्हणतात.

स्थळांचं काम तर फक्कड चाललंय. मास्तरांच्या बहिणीची उरलेली जोडी त्या रेंगाळणाऱ्या बाईला बसली. आता दोघी ठरवून येतात, एकच बूट पसंत करतात, दोन नंबर घेतात आणि माझ्यासमोर अदलाबदल करतात. पसंतीवरून भांडतातही. फक्त मास्तरांची जोडी तेवढी बिनलग्नाची राहिलीय. डावा नऊ, उजवा आठ. एवढी माणसं मोजली, पण एक पुरुष तसा मिळत नाही. मास्तर रोज जाता-येता विचारतात, आलं का काही स्थळ?

काका एकसारखे कसे चुकायचे म्हणतेस. मला काय माहीत? विचार करायला वेळ कुठे आहे?

पण आता खरं सांगते. भाऊजींचा फोन आला होता, रविवारी दुकानात येतो, बोलायचंय. दुकान चाललंय हे त्यांच्या कानावर गेलं नसेल असं नाही. तरी आवाज असा कोरडा होता की फोन ठेवल्यावर मी उगाच गल्ला तीनदा मोजला. इतकं सगळं करून हातातलं निसटलं तर मला पुन्हा उभं राहता येईल असं वाटत नाही गं.

तुझी काकू

५ जून

काकू,

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, चिडलेसुद्धा. म्हटलं, दुकान पायावर उभं राहिलंय, तुम्ही एकदा आत जाऊन बघा तरी. ते म्हणाले, "मला तिथे जाववत नाही." मी म्हटलं, जाववत नाही तर बंद तरी कसं करवतं? त्यांनी फोन ठेवला.

रविवारी मी येऊ शकत नाही, इथून सुटताच येत नाहीये. तू घाबरू नकोस. नियम तोच ठेव. दुकानात पाऊल टाकेल त्याचे दोन्ही पाय मोजायचे. मग ते तुझे भाऊजी का असेनात.

भिंगरी

१२ जून

भिंगरे,

बस आधी. उभ्याने वाचू नकोस.

भाऊजी दुपारी आले. शाळेचा हिशेबतपासनीस यावा तसा चेहरा. पायरीपाशी थांबून त्यांनी पाटी वाचली, परत वाचली. मी म्हटलं, या ना. आत आले, भिंतीकडे बघितलं, काउंटरकडे बघितलं आणि स्टुलावर बसले. मी तू सांगितलेला नियम पाळला. फळी घेतली आणि त्यांच्या पुढ्यात बसले.

त्यांनी पाय मागे घेतले. अगदी तू लिहिलं होतंस तसे, स्टुलाखाली. मी म्हटलं, भाऊजी, इथे सगळ्यांचेच मोजतो. त्यांनी वळून परत पाटीकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि पाय पुढे केले.

डावा नऊ. उजवा आठ.

मी वर बघितलं तर ते माळ्याकडे बघत होते. म्हणाले, "माझे बूट तो द्यायचा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लहानपणी पोरं त्यांना पायांवरून चिडवायची. तेव्हापासून धाकट्या भावाने मनाशी धरलं असावं. दुकान थाटलं त्या वर्षापासून दरवर्षी तुझे काका दोन डबे फोडून एक जोडी जुळवायचे आणि घरी नेऊन द्यायचे. भाऊजींनी कधी मागितले नाहीत, तुझ्या काकांनी कधी विचारलं नाही. दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत. भाऊजींच्या पायात डावा नऊ नि उजवा आठ, आणि उरलेला डावा आठ नि उजवा नऊ आपल्या माळ्यावर. "तो गेल्यावर शेवटची जोडी फाटली," म्हणाले. "मी कोणाकडे जाणार होतो? या दुकानासमोरून जाताना वाटायचं, एकदा हे बंद तरी होऊ दे."

भिंगरे, त्यातल्या प्रत्येक डब्यावरून मी तुझ्या काकांना बोलले होते. पाहुण्यांदेखत बोलले होते. तो माणूस हसला, वेंधळा म्हणवून घेतलं, पण भावाचं गुपित माझ्यापाशीसुद्धा फोडलं नाही. मला त्यांचा असा राग आला, आणि इतकी माया आली, की मी तिथेच फळीवर डोकं टेकून रडले. भाऊजी गडबडले. त्यांनी मला पाण्याचा पेला आणून दिला, तोही चुकून रोज येणाऱ्या मास्तरांसाठी भरून ठेवलेला.

डोळे पुसले तेव्हा मास्तर आठवले. गल्ल्यामागची ती जोडी काढली. भाऊजींच्या पायात मी स्वतः चढवली, नाड्या बांधल्या. ते उठले, आरशापर्यंत गेले, मग रस्त्यावर गेले, पार कोपऱ्यापर्यंत, आणि परत आले. म्हणाले, मोबाइलवाल्याला दुसरा गाळा बघायला सांगतो.

तेवढ्यात मास्तर आलेच रोजच्यासारखे, स्थळ विचारायला. मी नुसतं भाऊजींच्या पायांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी खाली बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं, आणि भाऊजींचा हात हातात घेऊन जो हलवायला लागले, तो सोडेचनात. आता दोघं सकाळी बरोबर फिरायला जातात. पुढच्या खेपेला एक आठची आणि एक नऊची जोडी घ्यायची, रंग तपकिरी, असं त्यांचं ठरलंय. मास्तरांना काळा हवा होता, पण भाऊजींनी ऐकलं नाही.

उरलेले डबेही मास्तरांनी नेले. एक मात्र मी दिला नाही, यांच्या खुर्चीवर ठेवलाय.

पुढचा आराखडा पाठव. जागा मोकळी सोड त्यात थोडी.

तुझी काकू

भिंगरे, काकूने पाकीट बंद करायच्या आधी दोन ओळी लिही म्हणून कागद पुढे केला. मला लिहायची सवय नाही. तुझ्या पुढच्या कार्यक्रमाला बूट घालून येईन. बाबा